मेमरी कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कुठे ठेवायचा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाणेरच्या आमच्या ऑफिसात टीममधली एक मुलगी लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, ड्रायव्हर चालतोय. पण फाइल कुठे टाकू तेच ठरत नाहीये." बोर्डवरच्या डीडीआर मेमरी कंट्रोलरसाठी तिने दोन महिने खपून ड्रायव्हर लिहिला होता. आधी तो 'मिस्क' या किरकोळ ड्रायव्हरांच्या फोल्डरमध्ये होता, मग 'सॉक' या चिपनिहाय कोडच्या फोल्डरमध्ये गेला, मग परत 'मिस्क'मध्ये आला. लिनक्स कर्नलच्या 'ड्रायव्हर्स' डिरेक्टरीत शंभराहून जास्त खोल्या आहेत. त्यांतल्या पाच-सहा तरी मेमरी कंट्रोलरला आपल्या वाटाव्यात अशा आहेत.

तिच्याशी त्या दुपारी जे बोललो ते इथे सविस्तर लिहितो आहे. हिंजवडीपासून खराडीपर्यंत चिप आणि बोर्डवर काम करणारी बरीच मुलं आहेत आणि हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी अडवतोच. सगळं विवेचन लिनक्स कर्नलपुरतं आहे.

फोल्डर म्हणजे नुसती फाइल ठेवायची जागा नव्हे. त्या जागेवरून तुमचा कोड कोण वाचणार, कुठली चौकट वापरावी लागणार आणि पाच वर्षांनी कर्नलचे अंतर्गत एपीआय बदलले की तुमच्या फाइलकडे कोणाचं लक्ष जाणार, हे सगळं ठरतं. म्हणून मी एकच कसोटी लावतो: हार्डवेअरचं नाव बाजूला ठेवायचं आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये कोणाकडे जाऊन नोंदणी करतो ते बघायचं.

आधी कंट्रोलर कुठल्या जातीचा ते ओळखा

'मेमरी कंट्रोलर' हा शब्द फसवा आहे. डेटाशीटमध्ये तो निदान दोन वेगळ्या वस्तूंसाठी येतो.

पहिली जात डीरॅमच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य मेमरीच्या, कंट्रोलरची. डीडीआर हा डीरॅमचाच प्रकार. प्रोसेसर आणि डीडीआर चिपा यांच्यामध्ये बसून रो उघडणं, बंद करणं, रिफ्रेश, टायमिंग हे सगळं तो सांभाळतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ईएमआयएफ, सॅमसंगच्या एक्सिनॉसमधला डीएमसी, एनव्हिडियाच्या टेग्रामधले एमसी आणि ईएमसी ही या जातीची नावं.

दुसरी जात बाहेरच्या बसची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा जीपीएमसी, फ्रीस्केलचा आयएफसी, ॲटमेलचा ईबीआय. यांना चिप सिलेक्टच्या तारा असतात आणि प्रत्येक तारेवर वेगळं उपकरण लटकतं: नॉर फ्लॅश, नँड फ्लॅश, एखादी एफपीजीए. जुन्या ओमॅप बोर्डांवर तर जीपीएमसीवर इथरनेटची चिपही बसवलेली असायची. नाव मेमरीचं, काम बसचं. या जातीबद्दल फार डोकं खाजवावं लागत नाही. बसचं टायमिंग लावणारा भाग 'ड्रायव्हर्स/मेमरी'त जातो आणि तारेवरचं उपकरण आपापल्या घरी जातं. नँडचा भाग 'एमटीडी'त, इथरनेटचा 'नेट'मध्ये. फ्रीस्केल आयएफसीची विभागणी अशीच आहे.

जवळपास वाटणाऱ्या पण या विषयात न येणाऱ्या काही गोष्टी एका दमात सांगतो. एसडी कार्ड आणि ईएमएमसीचे कंट्रोलर 'एमएमसी'त जातात. एसपीआय फ्लॅशचा कंट्रोलर 'एसपीआय'मध्ये जातो. मुळातली 'एमएम' डिरेक्टरी पानांचं व्यवस्थापन करते, तिथे कुठल्याही चिपचा ड्रायव्हर जात नाही. आणि शोधताना 'एमएम/मेमकंट्रोल.सी' ही फाइल दिसली तर तिच्या नावाला भुलू नका. प्रक्रियांच्या गटांना मेमरीची मर्यादा घालणारा तो सीग्रुपचा भाग आहे, हार्डवेअरशी त्याचा संबंध नाही. नव्या मुलांचा अर्धा दिवस त्या फाइलमध्ये गेलेला मी पाहिला आहे.

खरा पेच डीरॅम कंट्रोलरचा आहे. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

कर्नलला तिथे काम आहे का, हे कागदावर लिहा

कर्नल सुरू होतो तेव्हा डीरॅम आधीच चालू असते. कर्नल स्वतःच तिच्यात बसलेला असतो. टायमिंग लावणं आणि ट्रेनिंग करणं (सिग्नलच्या वेळा जुळवणं) हे यू-बूट या बूटलोडरच्या एसपीएलने, म्हणजे त्याच्या पहिल्या टप्प्याने, किंवा चिप बनवणाऱ्याच्या फर्मवेअरने केव्हाच उरकलेलं असतं. तुमचा कोड ते काम करत असेल, तर तो कर्नलमध्ये कुठे ठेवायचा हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याची जागा बूटलोडरमध्ये.

म्हणून एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त क्रियापदं लिहा. बूट झाल्यानंतर माझा ड्रायव्हर काय काय करतो? चुका मोजतो. फ्रिक्वेन्सी बदलतो. किती वाचन-लेखन झालं ते मोजतो. कोणत्या उपकरणाला किती बँडविड्थ द्यायची ते ठरवतो. तापमान बघून रिफ्रेश बदलतो. 'कंट्रोलर इनिशियलाइज करतो' असं वाक्य आलं की ते खोडा आणि स्वतःला विचारा, कशासाठी? दहातल्या सात वेळा खाली काही उरत नाही. तेव्हा तीन रजिस्टरं बूटलोडरमध्ये लिहून सुटका करून घेता येते.

त्या मुलीच्या कागदावर शेवटी दोनच क्रियापदं राहिली: 'ईसीसीच्या चुका मोजतो' आणि 'फ्रिक्वेन्सी बदलायला सांगतो'. ईसीसी म्हणजे मेमरीतले बिघडलेले बिट ओळखून दुरुस्त करणारी सोय.

प्रत्येक क्रियापदाचं घर

खडकवासल्याचं धरण डोळ्यांसमोर आणा. पाणी एकच, भिंत एकच. पण दरवाजे वर-खाली करणं हे एक काम, मुठेत किती क्युसेक सोडले याची नोंद हे दुसरं, भिंतीतून कुठे झिरपतंय का ते पाहणं तिसरं आणि कालव्याचं पाणी कोणाला किती हे ठरवणं चौथं. चौघांचा हिशेब चार वेगळ्या वह्यांत असतो, आणि त्या वह्या तपासणारेही वेगळे. कर्नलची रचना अशीच आहे.

झिरपणं पाहणारी वही म्हणजे 'ड्रायव्हर्स/ईडॅक'. ही चौकट २००६ साली कर्नलच्या २.६.१६ आवृत्तीत आली. ईसीसीने दुरुस्त केलेली चूक आणि दुरुस्त न होणारी चूक वेगवेगळी मोजायची, ती कुठल्या रँकवर (एकत्र चालणाऱ्या चिपांच्या गटावर) आणि कुठल्या चॅनेलवर झाली ते सांगायचं, हे तिचं काम. कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या 'सिस'मधल्या ईडॅकच्या फोल्डरखाली 'एमसी०' दिसतो आणि त्यात 'सीई_काउंट' (दुरुस्त झालेल्या चुका) व 'यूई_काउंट' (दुरुस्त न झालेल्या) अशा दोन फायली. सर्व्हरवर नजर ठेवणारी साधनं याच फायली वाचतात. तुम्ही चुका मोजण्यासाठी स्वतःची वेगळी फाइल काढलीत, तर ती साधनं तुमच्या बोर्डला ओळखणारच नाहीत. चुका मोजणं हे एकमेव काम असेल तर दुसरा विचार करू नका, ईडॅकमध्ये जा. झायलिंक्सच्या झिंक (Zynq) चिपमधल्या सिनॉप्सिसच्या डीडीआर कंट्रोलरचा ड्रायव्हर तिथेच आहे.

क्युसेकची नोंद म्हणजे 'ड्रायव्हर्स/पर्फ'. कंट्रोलरच्या आत काउंटर असतील आणि ते पर्फ या कामगिरी मोजणाऱ्या कमांडने वाचायचे असतील, तर तो भाग इथे. एनएक्सपीच्या आय.एमएक्स८ मालिकेतल्या डीडीआरचा पीएमयू, म्हणजे काउंटरांच्या भागाचा, ड्रायव्हर चांगला नमुना आहे.

कालव्याच्या वाटपाची वही म्हणजे 'ड्रायव्हर्स/इंटरकनेक्ट', २०१९ साली ५.१ आवृत्तीत आलेली. डिस्प्ले किंवा कॅमेरा 'मला एवढी बँडविड्थ लागेल' असं सांगतो, आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ती मागणी बेरीज होऊन पोचते.

दरवाजे वर-खाली करणारी वही म्हणजे 'ड्रायव्हर्स/डेव्हफ्रेक'. २०१२ च्या जानेवारीत ३.२ आवृत्तीबरोबर आली. इथे थोडं थांबायला हवं, कारण डीडीआरची फ्रिक्वेन्सी बदलणं हे सीपीयूची फ्रिक्वेन्सी बदलण्यासारखं सरळ काम नाही. ज्या मेमरीचं घड्याळ बदलायचं आहे, त्याच मेमरीत बदलणारा कोड बसला आहे. बदलताना डीरॅमला सेल्फ-रिफ्रेशमध्ये (ती स्वतःच स्वतःला रिफ्रेश करते त्या झोपेच्या मोडमध्ये) घालावं लागतं आणि तेवढा वेळ कोणीही तिला हात लावायचा नाही. प्रोसेसरने पुढची सूचना आणायला जावं आणि ती मेमरी झोपलेली असावी, म्हणजे बोर्ड जागच्या जागी गोठतो. लॉगमध्ये एक ओळसुद्धा उमटत नाही. म्हणून हा बदल करणारा कोड चिपच्या आतल्या एसरॅम या छोट्या, वेगळ्या मेमरीतून चालवतात किंवा सरळ ट्रस्टेड फर्मवेअरवर सोपवतात. कर्नल एक एसएमसी कॉल (फर्मवेअरला हाक मारणारी सूचना) करतो आणि फर्मवेअर बाकीचं बघतं. असं असेल तर कर्नलमधला ड्रायव्हर अगदी पातळ उरतो: भार मोज, फ्रिक्वेन्सी निवड, फर्मवेअरला सांग. रॉकचिपचा आरके३३९९ आणि एनएक्सपीचा आय.एमएक्स८एम यांचे ड्रायव्हर याच धाटणीचे आहेत आणि दोन्ही डेव्हफ्रेकमध्ये आहेत.

मग 'ड्रायव्हर्स/मेमरी' कशासाठी? ती २०१२ सालीच, जरा नंतर सुरू झाली, ईएमआयएफ आणि टेग्राच्या ड्रायव्हरांसाठी. ज्याचं काम वरच्या कुठल्याच एका वहीत मावत नाही, किंवा एकाच वेळी तीन वह्यांत जातं, त्याचं ते घर. ईएमआयएफचं उदाहरण मला फार आवडतं. एलपीडीडीआर२ ची चिप स्वतःच्या चौथ्या मोड रजिस्टरमध्ये सांगते की मी किती तापले आहे आणि मला रिफ्रेश किती लवकर हवा. तापलेल्या डीरॅमच्या पेशीतला चार्ज लवकर गळतो. ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की तिला जास्त वेळा रिफ्रेश लागतो. ईएमआयएफचा ड्रायव्हर ते रजिस्टर वाचतो, रिफ्रेश आणि टायमिंग बदलतो, आणि चिपने मर्यादा ओलांडली तर यंत्र बंद करायला लावतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालच्या बंद डब्यात बोर्ड ठेवून चाचणी घेतलेल्या माणसाला या कोडचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. हे काम चुका मोजण्याचं नाही आणि फ्रिक्वेन्सी निवडण्याचंही नाही. ते निखळ मेमरी कंट्रोलरचं काम आहे.

'सॉक' हा शेवटचा पर्याय धरा आणि 'मिस्क' त्याच्याही मागचा. जिथे नेमकी चौकट आहे तिथे न जाता इथे आलात, तर पहिला प्रश्न येतो, "इथे का?" त्याला उत्तर नसेल तर पॅच, म्हणजे तुम्ही पाठवलेला बदल, परत फिरतो. मीही हे अनुभवलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एक ड्रायव्हर 'मिस्क'मध्ये पाठवला होता. तो योग्य जागी हलवून, चौकटीत बसवून परत लिहायला मला दीड महिना लागला होता.

एकाच कंट्रोलरची दोन कामं असली तर

आमचा पेच इथेच होता. कागद बघून तिने शहाणपणाने दोन फायली केल्या. एक ईडॅकमध्ये, एक डेव्हफ्रेकमध्ये. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर कुठलं हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) दोन नोड, म्हणजे दोन नोंदी, लिहिल्या आणि दोन्हींना रजिस्टरांचा एकच पत्ता दिला. बूट केल्यावर एक ड्रायव्हर लागला आणि दुसऱ्याच्या नावाने ओळ आली: प्रोब अयशस्वी, एरर वजा १६. म्हणजे जागा अडलेली आहे. पहिल्याने तो पत्त्यांचा पट्टा स्वतःच्या नावावर आरक्षित केला होता.

तिचा पहिला उपाय बहुतेक जण करतात तोच होता. आरक्षण न करता नुसतं मॅपिंग करणारं फंक्शन वापरायचं. एरर गेली, दोन्ही ड्रायव्हर लागले, तिला हायसं वाटलं. मी तिला संध्याकाळपर्यंत बोर्ड चालू ठेवायला सांगितलं. चारच्या सुमारास ईसीसीचे इंटरप्ट यायचे बंद झाले. कारण असं: कंट्रोल रजिस्टर एकच. त्यातला एक बिट ईसीसीच्या इंटरप्टचा, दुसरा लो-पॉवर मोडचा. डेव्हफ्रेकच्या ड्रायव्हरने रजिस्टर वाचलं. त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर ईडॅकच्या ड्रायव्हरने आपला बिट चढवून रजिस्टर लिहिलं. मग डेव्हफ्रेकवाल्याने आपली जुनी प्रत, आपला बिट बदलून, परत लिहिली. ईडॅकचा बिट पुसला गेला, कोणालाही न कळता. दोघांकडे आपापलं लॉक होतं, पण सामाईक लॉक नव्हतं.

वजा १६ ही एरर म्हणजे कर्नलने वेळेवर दिलेला इशारा. तिला बगल देऊ नका.

यातून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत. पहिली, हार्डवेअरनेच पत्ते वेगळे दिले असतील तर काहीच करायला नको. आय.एमएक्स८एममध्ये डीडीआर कंट्रोलर आणि त्याचा पीएमयू वेगळ्या पत्त्यांवर आहेत, म्हणून दोन नोड आणि दोन ड्रायव्हर गुण्यागोविंदाने राहतात.

दुसरी वाट टेग्राची. 'ड्रायव्हर्स/मेमरी/टेग्रा'मध्ये एकच ड्रायव्हर रजिस्टरांचा मालक आहे आणि तोच इंटरकनेक्टकडे नोंदणी करतो, रीसेटच्या चौकटीकडेही करतो आणि आयओएमएमयूचा (उपकरणांनी वापरलेले मेमरीचे पत्ते बदलून देणाऱ्या भागाचा) कोड सुरू करतो. कामं एकमेकांत गुंतलेली असतील आणि एकाच लॉकखाली व्हायला हवी असतील तर हे बरं.

तिसरी वाट रेनेसासच्या आरपीसी-आयएफची. तो एकच हार्डवेअर ब्लॉक एसपीआय फ्लॅशही चालवतो आणि हायपरफ्लॅशही. गाभा 'ड्रायव्हर्स/मेमरी'त आहे, त्याने रजिस्टरं धरली आहेत. एसपीआयचा भाग 'एसपीआय'मध्ये आणि हायपरफ्लॅशचा 'एमटीडी'त आहे, आणि दोघेही गाभ्यामार्फतच हार्डवेअरला हात लावतात. गाभ्याच्या हाताखालची अशी मूल (चाइल्ड) उपकरणं जन्माला घालायला हल्ली ऑक्झिलरी बसही आहे, २०२१ साली ५.११ मध्ये आलेली.

दुसरी की तिसरी? चुकांचं विश्लेषण चार-पाच ओळींचं असेल तर मी एकाच फाइलमध्ये ठेवतो. पण पत्त्याचे बिट उलटे उकलून रँक, बँक, रो शोधायचे असतील, तर तो कोड ईडॅकची माणसं वाचतील अशाच जागी असला पाहिजे. त्यातली चूक दुसऱ्या कोणाच्या नजरेला येत नाही, आणि चुकीचा डीआयएमएम (मेमरीची पट्टी) बदलायला सांगणारा ड्रायव्हर काहीच न सांगणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा वाईट. आम्ही तिसरी वाट धरली.

फोल्डर बदलता येतो, बाइंडिंग नाही

जागेच्या वादात लोक एवढे गुंततात की खरं कायमचं काय आहे याकडे लक्ष राहत नाही. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणं ही एका कमिटची गोष्ट आहे. जीपीएमसीचा कोड आधी 'आर्च/आर्म'मधल्या ओमॅपच्या फोल्डरमध्ये होता, तिथून तो 'ड्रायव्हर्स/मेमरी'त आला आणि वापरणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. पण डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग, म्हणजे नोडमध्ये काय आणि कसं लिहायचं याचा नियम, हा करार आहे. एकदा विकलेल्या बोर्डच्या फ्लॅशमध्ये तुमचं कंपॅटिबल नाव (ज्यावरून कर्नल योग्य ड्रायव्हर शोधतो ते) गेलं की ते कर्नलला सांभाळावं लागतं.

म्हणून बाइंडिंगमध्ये हार्डवेअरचं वर्णन लिहा, ड्रायव्हरचं नाही. ड्रायव्हर कुठेही असो, डीडीआर कंट्रोलरचं बाइंडिंग डॉक्युमेंटेशनमधल्या 'मेमरी-कंट्रोलर्स' फोल्डरमध्ये जातं. आरके३३९९ चा ड्रायव्हर डेव्हफ्रेकमध्ये आहे, पण त्याचं बाइंडिंग इथेच आहे. नोडचं नाव 'मेमरी-कंट्रोलर' ठेवा. नुसता 'मेमरी' नोड रॅमचा पत्ता आणि आकार सांगतो, कंट्रोलरची रजिस्टरं त्यात घालू नका. आणि लिनक्समध्ये दोन ड्रायव्हर आहेत म्हणून एका हार्डवेअरचे दोन नोड करू नका. तिने केले होते ते चुकलं ते याच कारणाने. उद्या तुमच्या कर्नलची विभागणी बदलेल, चिप तीच राहील.

शेजारी पाहताना तारीखही पाहा

जुने ड्रायव्हर बघून जागा ठरवणं चांगलं, पण कर्नल स्वतः याबाबत एकसारखा नाही. एक्सिनॉस ५४२२ चा डीएमसी डेव्हफ्रेककडेच नोंदणी करतो, तरी तो 'ड्रायव्हर्स/मेमरी/सॅमसंग'मध्ये आहे. आरके३३९९ चा तसाच ड्रायव्हर डेव्हफ्रेकमध्ये. दोन्ही चालतात. फरक असा की एक्सिनॉसचा ड्रायव्हर कंट्रोलरची टायमिंगची रजिस्टरं स्वतः लिहितो आणि रॉकचिपचा फर्मवेअरला सांगतो. माझं मत असं, की रजिस्टरांना स्वतः हात लावणारा जाड ड्रायव्हर 'मेमरी'त शोभतो आणि पातळ निरोप्या डेव्हफ्रेकमध्ये.

नमुना निवडण्याआधी त्या फाइलचा गिट लॉग वाचा. फाइल २०१३ ची असेल आणि त्यानंतर फक्त शुद्धलेखनाचे पॅच आले असतील तर तिची नक्कल करू नका. मग पॅच कोणाला पाठवायचा ते सांगणारी गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट तुमच्या पॅचवर चालवा. जी नावं येतील त्यांच्याकडे तुमच्या हार्डवेअरबद्दल बोलण्यासारखं काही आहे का, हे बघा. नसेल तर जागा चुकली आहे.

पाठवण्याआधीची किरकोळ कामं

केकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाच्या पर्यायांच्या फाइलमध्ये) तुमच्या आर्किटेक्चरवर अवलंबून राहा, पण कंपाइल-टेस्टचा पर्याय जोडा, म्हणजे तुमचा बोर्ड नसलेल्या माणसालाही कोड बांधून पाहता येईल. चालू असताना काढला तर यंत्र कोलमडेल असा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून देऊ नका आणि 'सिस'मधून अनबाइंड करण्याची सोयही बंद करा. लवकर लागावा म्हणून इनिटकॉलची (सुरुवातीच्या क्रमाची) पातळी वर चढवण्यापेक्षा प्रोब डिफरलवर, म्हणजे गरजेच्या गोष्टी तयार होईपर्यंत ड्रायव्हर लावणं पुढे ढकलण्याच्या सोयीवर, भरवसा ठेवा. पॅचचा क्रम बाइंडिंग, मग गाभा, मग मूल ड्रायव्हर, शेवटी डिव्हाइस ट्री. विषयाच्या ओळीला त्या फोल्डरच्या आधीच्या कमिटमध्ये जो उपसर्ग दिसतो तोच लावा.

ती पुढच्या सोमवारी तीन फायली घेऊन आली: मेमरीत गाभा, ईडॅकमध्ये एक, डेव्हफ्रेकमध्ये एक. डिव्हाइस ट्रीमध्ये नोड एकच. बूटच्या लॉगमध्ये वजा १६ नव्हता. तिने डेव्हफ्रेकचा गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) सतत फ्रिक्वेन्सी वर-खाली करत ठेवला, दुसऱ्या टर्मिनलवरून कंट्रोलरच्या पॉइझन रजिस्टरमधून एक बिट मुद्दाम बिघडवला आणि 'सीई_काउंट' वाचला. शून्याचा एक झाला. परत बिघडवला, दोन झाला. संध्याकाळी सहा वाजता आकडा बरोबर चाळीसवर होता, आणि तिने बिटही चाळीसच बिघडवले होते.